मे महिन्यातला पाऊस

मेश्रामकाका कोणाच्याही घरी गेले की बसण्याआधी भिंतीवर बोटाने टकटक करायचे. मग डॉक्टरसारखा चेहरा करून म्हणायचे, "शिमीट बहुत खाल्लं हिनं. फुकट खाल्लं!" घरमालकाला राग यायचा, पण काकांना त्याचं काय! भिलाईच्या सेक्टरातल्या क्वार्टरमध्ये आम्ही त्यांचे सख्खे शेजारी, त्यामुळे ही तपासणी आमच्या भिंतीने सगळ्यांत जास्त सोसली.

काका भिलाईच्या पोलाद प्लांटमधल्या वीजघरात कामाला होते. कोळसा जळून उरणाऱ्या राखेवर त्यांचा भारी जीव. "मैदा आहे, मैदा! चुना अन् पाणी भेटलं का शिमिटाचं काम करते, अन् लोक फेकून राहिले." रिटायर होऊन क्वार्टर सोडायची वेळ आली तेव्हा त्यांनी जाहीरच केलं, की दुर्गजवळ बोरसीत घेतलेल्या प्लॉटवर राखेच्या विटांचं घर बांधणार आणि विटाही स्वतःच पाडणार.

यमुनाकाकू भडकल्या. "राख म्हंजे मसनातली वस्तू. मी त्या घरात पाय नाही ठेवत. भंडाऱ्याले भावाकडे जाईन."

"जिंदगीभर राखेनं भांडे घासले, तवा नाही आठवलं मसन?"

"भांडे घासले. भांड्यात जाऊन राहिली नाही!"

काका बाहेर येऊन मला म्हणाले, "जिद्दी आहे रे ती, खरंच जाईल. मंग घर कोनासाठी बांधू?"

त्यात पहिली खेप फसली. लाल विटेच्या सवयीने त्यांनी विटा उन्हात वाळत घातल्या आणि उचलायला गेले तर हातात भुगा. काकू पोट धरून हसल्या, "आता घासा भांडे!" लाल वीट भट्टीत पक्की होते, ही पाण्यात, हे काकांना तेव्हा उमगलं. मग सुरू झाली तराई, म्हणजे विटांना सकाळ-संध्याकाळ पाणी पाजणं. "लेकरं आहेत, तहान लागते त्याईले," म्हणायचे.

ऐन मे महिन्यात बहीण आजारी पडली म्हणून काका घाईघाईत गोंदियाला गेले, आणि तराईचं कोणाला सांगायचंच विसरले. परतल्यावर दुर्ग स्टेशनवरून माझ्या स्कूटरवर थेट प्लॉटवर. वाटभर एकच, "गेल्या रे विटा, गेल्या!"

विटा ओल्याचिंब होत्या. वर काकूंची जुनी लुगडी पांघरलेली, तीही ओली.

घरी आल्यावर काकांनी विचारलं, तर काकू भाजी चिरता चिरता म्हणाल्या, "मले काय मालूम? पाऊस आला असंल."

आकाशात ढगाचा ठिपका नव्हता. यथावकाश घर उभं राहिलं. नव्या घरात पहिलं पाऊल काकूंनीच टाकलं, वर "भिंती थंड आहेत बाप्पा" असं प्रमाणपत्रही दिलं. तेव्हापासून काकूंनी न सांगता डबा भरला, शर्टाचं बटण लावलं, की काका डोळा मिचकावून मला सांगायचे, "पाऊस आला होता."

काका गेले, त्यानंतरच्या उन्हाळ्यात मी बोरसीला गेलो. काकू गच्चीवर खोली बांधून घेत होत्या, राखेच्याच विटांची. नवी भिंत ओली, काकूंचा पदर ओला, आणि पाण्याचा पाइप पायाशी वाहत पडलेला.

"काकू, या वयात तराई तुम्हीच करता?"

मला हसूही आलं आणि डोळेही भरले, कारण त्या काय म्हणणार हे मला ठाऊक होतं. त्यांनी भिंतीवर बोटाने टकटक केलं, कान लावला आणि म्हणाल्या,

"मी कायले करू? पाऊस आला होता."