चंपतरावांची हिरवी शिडी

चंपतरावांसारखा चोखंदळ माणूस आमच्या गावात दुसरा नव्हता. पावशेर वांगी घ्यायची तरी उलटीपालटी करून, देठ चिमटून बघणार आणि शेवटी भाजीवालीलाच चार शब्द सुनावणार. त्यामुळे त्यांनी शिकारीसाठी शिडी निवडायला घेतली तेव्हाच मी घरी म्हणालो, यांची यंदाची जुवारी गेली डुकरांच्या पोटात.

आमचं गाव बेल्याच्या बाजारापासून थोडं पुढे आणि त्यांचं शेत गावाच्या कडेला, आमची कापसाची रानं संपून सरकारी जंगल लागतं तिथे. आंध्र प्रदेश होऊन दहाएक वर्षं झाली होती. परवाना काढला की जंगलात रानडुक्कर मारायला तेव्हा मनाई नव्हती. चंपतरावांकडे परवाना होता, बंदूक होती, नेमही होता. नव्हती ती फक्त झाडावर चढून डुकरांची वाट बघत बसायची हिंमत. मागे एकदा मोहाच्या झाडावरून ते फांदीसकट खाली आले होते. पाय सांधला, पण आखूड सांधला. तेव्हापासून बैलगाडीत चढायचं असलं तरी ते आधी चाकाकडे बघत उभे राहायचे.

बंदूक खुंटीला आणि डुकरं कणसांत. त्यांनी चावडीवर सांगून टाकलं होतं, "औंदा वर बसणं जमलं नाही, तं बंदूक इकून टाकतो." ज्या माणसाचा सगळा तोरा त्या बंदुकीवर, त्याच्या तोंडून हे ऐकून मला खरंच वाईट वाटलं.

जंगलाच्या नाकेदाराने त्यांना बजावलं होतं, झाडाला खिळा ठोकायचा नाही, फांदी तोडायची नाही, मचाण बांधून ठेवायचं नाही. जे न्याल ते त्याच दिवशी परत आणायचं. म्हणजे हवी होती एक शिडी, वरच्या टोकाला बसायची जागा असलेली आणि लंगड्या माणसाला एका खांद्यावर पेलवेल अशी.

सुताराने सागाची करून दाखवली. ती न्यायला गाडीच जुंपावी लागली असती. मग चंपतरावांचा बेल्लमपल्लीच्या खाणीत नोकरीला असलेला साळा बसच्या टपावर टाकून लोखंडी नळीची शिडी घेऊन आला. दिसायला झकास, पण पायरीवर पाय पडला की देवळातल्या घंटेसारखी वाजे. "डुकरं का आरतीले येऊन राह्यले?" असं म्हणून चंपतरावांनी ती साळ्याबरोबर परत धाडली. वाळक्या बांबूची हलकी निघाली, तर ती करकरते म्हणून नापास. दर वेळचं कारण पटण्यासारखंच असायचं, पण माझ्या मनात शंका होती. नाचता येईना, अंगण वाकडं, त्यातली ही गत.

शेवटी बेल्याच्या बाजारात देवाजी बुरडाने त्यांना हिरव्या वेळूची शिडी बांधून दिली. हिरवा वेळू वाकतो, पण आवाज करत नाही. दोन लांब वेळू, त्यांना आडव्या कामट्या, सगळं सुतळीनं आवळलेलं. बसायची झोळी शिवायला चंपतरावांनी पांढरं मांजरपाट घेतलं, ते घरी बाभळीच्या सालीत रंगवायचा बेत होता. बायकोने, म्हणजे जयवंताबाईंनी, शेतात पाणी ठेवायला मडकं आणायला सांगितलं होतं, तेही घेतलं. वाटेत शिडी खांद्याला रुतायला लागली, तसा डोक्याचा दुपट्टा सोडून त्याची घडी खांद्यावर ठेवली.

आता तुम्हीच बघा. बोडकं डोकं, खांद्यावर हिरव्या वेळूचा सांगाडा, त्यावर कोरं मांजरपाट, हातात कोरं मडकं. आणि घरी म्हातारे वडील, मारोतराव, तापानं बाजेवर पडलेले.

गावाच्या तोंडाशी मी आणि आणखी तिघे बोलत उभे होतो. चंपतरावांना बघितलं आणि आम्ही टोप्या काढल्या.

"कवा?" मी हळूच विचारलं.

"आजच," चंपतराव म्हणाले. "दिवस बुडाच्या आत उरकून टाकतो."

"आमी चौघं हावो ना संगं."

"चौघं कायले? हलकीच तं हाये. म्या एकटाच नेतो. गर्दी नाही पाह्यजे मले."

बाप गेल्यावर माणूस असा बोलतो? दुःखानं डोकं फिरलं असेल, असं आम्ही एकमेकांना डोळ्यांनीच सांगितलं. शेजारच्या बयनाबाई विहिरीवर पाणी भरत होत्या. त्यांनी सगळं ऐकलं आणि तिथेच असा हंबरडा फोडला, की चंपतराव लंगडत घरी पोचेपर्यंत अर्धं गाव त्यांच्या अंगणात जमलं होतं.

बायकांनी गळा काढला होता. तेवढ्यात मारोतराव धोतर सावरत दारात आले.

"कोण मेलं वो?"

बयनाबाई पदरानं नाक पुसत म्हणाल्या, "तुमीच, आबाजी."

मग जे हसू फुटलं, ते काही आवरेना. रडायला आलेली माणसं पोट धरून बसली. हसल्या नाहीत त्या फक्त जयवंताबाई. शिडीकडे बोट दाखवून त्या नवऱ्याला म्हणाल्या, "अवो, तिरडी हाये हे! माह्या अंगणात नाही पाह्यजे. आताच्या आता मोडा, चुलीत घालीन."

आणि चंपतराव काय म्हणाले? "मोडून टाका. माह्या नशिबातच नाही, दुसरं काय." हे म्हणताना त्यांचा चेहरा सुटका झाल्यासारखा खुलला, तो मी बघितला. मला असा राग आला म्हणून सांगू! या माणसाला शिडी नकोच होती. त्याला कोणीतरी नको म्हणायला हवं होतं.

मारोतरावांनीही तो चेहरा बघितला असावा. तरुणपणी हे जंगल त्यांनीच पायाखाली घातलेलं, लेकाला बंदूक धरायला त्यांनीच शिकवलेलं.

"थांब सूनबाई," ते म्हणाले. "माह्या नावाची तिरडी हाये ना? मंग पयले म्याच चढतो."

त्यांनी आम्हाला शिडी अंगणातल्या लिंबाला टेकवायला लावली. आम्हाला वाटलं, म्हातारा गंमत करतोय. पण कोणी हात धरायच्या आत गडी सरसर वर गेला आणि लिंबाच्या दुबेळक्यात जाऊन बसला.

"मामाजी, उतरा!" जयवंताबाई ओरडल्या. "अंगात ताप हाये तुमच्या!"

मारोतरावांनी खाली बघितलं, डोळे मिटले आणि खोडाला मिठी मारली. "गरगरून राह्यलं. चंप्या, उतरव रे मले."

आमच्यातला एक जण पुढे झाला. "चंप्याच पाह्यजे," वरून आवाज आला.

चंपतरावांनी हातातलं मडकं माझ्याकडे दिलं. पायरीवर आधी चांगला पाय, मग आखूड पाय. तोंडानं सारखं "बाबा, हालू नका, बाबा, हालू नका" चाललेलं. वेळू त्यांच्या वजनानं वाकला, पण आवाज नाही. वर पोचून त्यांनी बापाच्या कमरेला हात घातला.

"धरा माह्या मानेले."

मारोतरावांनी डोळे उघडले. गरगरल्याचं कुठे चिन्ह नव्हतं. "म्या उतरतो माह्या पायानं. तू कुठं येऊन राह्यला, ते पाह्य पयले."

चंपतरावांनी खाली बघितलं. आमची वर वळलेली तोंडं, कवेलूंचं छप्पर, त्याच्याही पलीकडे त्यांची जुवारी. ते सगळ्या गावादेखत रडायला लागले. "बाबा, म्या चढलो."

"मंग?" मारोतराव म्हणाले. "या वयात म्या का लिंबोळ्या खायाले चढलो?"

खाली जयवंताबाई घरात गेल्या. खुंटीवरची बंदूक काढून आणली आणि ती छातीशी धरून शिडीखाली येऊन उभ्या राहिल्या.

"उतरा आता दोघंबी," त्या म्हणाल्या. "जंगलात जाची वेळ होऊन राह्यली."