बाई पेशंट झाल्या तेव्हा

नव्या रबरी चादरीचा वास आला, की नव्वदच्या दशकातला बीडचा आमचा नर्सिंगचा वर्ग आठवतो आणि डोकं तापतं.

त्या दिवशी आमच्या बाई स्वतःच पेशंट होऊन तसल्या चादरीवर आडव्या झाल्या. खेड्यातल्या म्हातारीसारख्या कण्हत म्हणाल्या, “लई दम लागतोय. कावून लागतोय, तुमीच सांगा.”

“पाय सुजतात का?” आम्ही विचारू लागलो. “उताणं झोपल्यावर दम वाढतो का?”

‘हृदयाचं दुखणं’ असं मी म्हणणार, तोच प्राचार्य आत आले. “हा काय तमाशा? निदान डॉक्टर करतील. नर्सनं सांगितलेलं करायचं!”

बाई उठल्या, पदर सावरून मुकाट्याने नोट्स सांगू लागल्या.

त्या गप्प बसल्या म्हणून तेव्हा मी त्यांच्यावरच चिडले. आज त्यांच्या वयाची झाल्यावर संताप येतो तो त्या माणसाचा. नुकत्याच विचार करू लागलेल्या आम्हा पोरींना त्याने एका वाक्यात गप्प केलं.