मास्तरांचं पदक आणि आमचे टाक

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या मंडळी, मध्ये हसलात की माझी लिंक तुटते. अहो, मी देशाच्या एका माजी राष्ट्रपतींना भट्टीत घालायला दिलं होतं! माझ्या या हातांनी! चहा घ्या, सांगतो.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आम्ही बदलापूरला मांजर्लीत राहायचो, दुसऱ्या मजल्यावर. तळमजल्यावर सावंत मास्तर, अंबरनाथच्या शाळेतून रिटायर झालेले. त्यांच्याकडे सोन्याचं एक पदक होतं. कुठल्याशा संस्थेनं एका माजी राष्ट्रपतींच्या सन्मानार्थ ती पदकं काढली आणि निवडक शिक्षकांना दिली. पदकावर राष्ट्रपतींचा चेहरा, अगदी चष्म्यासकट! मास्तर ते पंधरा ऑगस्टला बाहेर काढायचे आणि आम्हाला लांबूनच दाखवायचे. हात लावायची कुणाची हिंमत?

त्या श्रावणात उल्हास नदी आमच्या कॉलनीत शिरली. गुडघाभर पाणी आणि मास्तर धोतर वर खोचून जिना चढतायत. हातात काय? भांडी नाहीत, गादी नाही. पदक!

"अरुण, हे सांभाळ बाबा. बाकी वाहून गेलं तरी चालेल. आयुष्यात एवढंच कमावलंय मी."

मास्तर भिंती वाळेपर्यंत मुलीकडे अंबरनाथला गेले. आता सोनं ठेवायचं कुठं? कपाटात? चोर पहिल्यांदा तिथंच बघणार. तेव्हा माझं डोकं चाललं. (माझं डोकं चाललं की घरातले घाबरतात, ते उगाच नाही.) देवघरात आमचे टाक लाल फडक्यात बांधलेले असायचे. टाक म्हणजे चांदीच्या छोट्या पत्र्यावर उठवलेले देव, आणि सोबत आमचे मूळपुरुष. देवांच्या गाठोड्याला चोर हात लावेल का? दिलं पदक त्यातच बांधून. आईलाही सांगितलं नाही. गुप्तता हो! आणि ती इतकी पाळली, की पुढं मीच विसरून गेलो.

घट बसायच्या आधी आई म्हणाली, "टाक पार झिजलेत रे. मूळपुरुषांना तर नाक-डोळेच राहिले नाहीत. उल्हासनगरला जा आणि मोडून नवे करून आण."

मी गाठोडं उचललं, स्कूटरला किक मारली आणि थेट चंदूशेठच्या पेढीवर. चंदूशेठ सिंधी सोनार, आमचे जुने ओळखीचे.

"साईं, खोल के दिखाओ तो सही."

"देवाचं काय बघायचं शेठ? जे आहे ते सगळं गलाओ! सब नया बनाओ!"

सब! हा शब्द मी स्वतः, ठणठणीत आवाजात उच्चारला. वर त्यांच्याकडची लस्सी पिऊन घरी आलो.

चार दिवसांनी दारात मास्तर. हसतमुख.

"अरुण, आज संध्याकाळी शाळेत माझा सत्कार आहे. पदक लावूनच या म्हणालेत. आण बरं."

मी देवघराकडे वळलो आणि बघतो तर काय? लाल फडकं नाही! आणि कानात माझाच आवाज, सब गलाओ!

"का रे, घाम का आलाय?"

"मास्तर, ते... ते मी लॉकरमध्ये ठेवलंय. तुम्ही व्हा पुढे, मी शाळेतच घेऊन येतो."

लॉकर! आमच्या घरात साध्या संडासाला कडी नव्हती, आणि म्हणे लॉकर!

बदलापूर ते उल्हासनगर स्कूटर कशी हाणली, ते त्या स्कूटरलाच ठाऊक. पेढीची पायरी चढता चढताच मी ओरडलो.

"शेठ, वो टाक..."

"हो गया ना! सब भट्टी में डाला. एकदम पानी बन गया."

मी मटकन गादीवर बसलो. खोटं कशाला सांगू, डोळ्यांत पाणी आलं. मास्तर हार घालून घ्यायला उभे राहणार आणि छातीवर काय लावणार? माझी लस्सी?

"सब?" मी विचारलं.

"सब चांदी. सोनेवाला कैसे डालूँगा? वो तो आपने सँपल दिया था ना!" शेठनी गल्ल्यातून पदक काढून माझ्या हातात ठेवलं. चष्मा शाबूत! एक चरासुद्धा नाही!

मी चंदूशेठना मिठी मारली. गिऱ्हाइकं बघत होती, बघू देत! सँपल म्हणजे काय, हे विचारायचंही भान राहिलं नाही. नव्या टाकांचं गाठोडं खिशात कोंबलं आणि शाळा गाठली. मास्तरांच्या कोटाला पदक मीच लावलं. सगळ्यांत जोरात टाळ्या कुणी वाजवल्या असतील, सांगा बरं!

रात्री हलक्या मनानं घरी आलो. आईनं गाठोडं सोडलं. खंडोबा झकास. भवानी झकास. मग तिनं शेवटचा टाक उचलला आणि दिव्याजवळ नेला.

"अरे, हे मूळपुरुष चष्मा लावायचे?"

आत्ता कळलं सँपल म्हणजे काय! मूळपुरुषांचा चेहरा झिजलेला, म्हणून शेठनी पदक समोर ठेवून हुबेहूब नवा घडवला होता. आता आईला काय सांगणार?

"हो आई," मी म्हणालो, "शेवटी शेवटी लागला होता."

आईनं हात जोडले. तेव्हापासून माजी राष्ट्रपती आमच्या देवघरात आहेत. दर नवरात्रात हळदकुंकू, पुरणपोळीचा नैवेद्य, सगळं रीतसर.

पुढे धाकट्या भावाचं लग्न झालं. नव्या सुनेनं पहिल्याच नवरात्रात विचारलं, "आई, हे कोण?"

"आपले मूळपुरुष, बाळ. चेहरा बघ, किती हुशार माणूस दिसतो!" आई कौतुकानं म्हणाली. मग तिनं माझ्याकडे एक नजर टाकली आणि सुस्कारा सोडला. "घराण्यात पुढं कुणी त्यांच्यावर गेलं नाही, एवढंच."