टाकीखालचं धुणं

शहरातल्या हरणी भागात आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहणारे काका फिटर म्हणून निवृत्त झालेत. दर रविवारी ते मला स्कूटरवर मागे बसवून आडरस्त्यांनी गावोगावच्या पाण्याच्या टाक्या बघायला नेतात. लांबून टाकी दिसली की अर्ध्या गुजरातीत ओरडतात, "जो, जो, ती बघ!" फोटो काढत नाहीत. खांबावर पान्याने टकटक करून कान लावतात आणि "चालेल अजून" म्हणून पुढे निघतात.

परवा सावली नावाच्या गावाच्या पुढे एका खेड्यात खांब पोकळ वाजला. मी सिव्हिल इंजिनियर, आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. वर बघून म्हणालो, "काका, उभी आहे की व्यवस्थित!"

"उभा तर मीही आहे. गुडघ्यांना विचार."

टाकीच्या गळतीखाली तीन बायका कपडे धूत होत्या. काकांनी त्यांना उठायला सांगितलं. त्यातली म्हातारी गुजरातीत हसली, "पाणी अहीं पडे छे, काका!" पाणी इथेच पडतं ना. तिचंही खरंच होतं.

काकांनी वाद घातला नाही. पँट दुमडली, गळतीखाली त्यांचीच बादली भरली आणि लांबच्या लिंबाखाली नेऊन ठेवली. मग दुसरी. मी स्कूटरला टेकून बघत होतो. पाचव्या बादलीला म्हातारी उठली. "बस करो, मरी जशो!" मरून जाल, म्हणाली. तिघी धुणं उचलून लिंबाखाली गेल्या.

परतताना मी म्हणालो, "पंचायतीला अर्ज लिहितो."

"लिहीच. तुझ्या सहीला वजन आहे. पण उद्या त्या परत तिथेच बसणार."

सोमवारी सकाळी खाली स्कूटर सुरू झाली. खिडकीतून पाहिलं, तर काकांच्या पायाशी टाकीपासून लिंबापर्यंत पुरेल एवढं रबरी पाइपचं वेटोळं आणि पत्र्याचं मोठं नरसाळं होतं. ऑफिसला सुट्टी कळवली आणि अर्ज खिशात घालून मी मागे जाऊन बसलो.