शांततेच्या ऑफिसातल्या भांडखोर अक्का

भांडायचं ठरलं की अक्का आधी चष्मा काढून डबीत ठेवत. डबीचं झाकण खटकन लागलं की ऑफिसात आम्ही जे दोघं-तिघं असू ते एकदम आपापल्या कामात बुडून जात असू. मी तर कपाटातल्या लावलेल्या फायली पुन्हा लावायला घेई. उपयोग शून्य. "तू इकडे बघ, भो," असं अक्का म्हणत आणि माझा तो दिवस गेलेला असे.

तुम्हीही अशी भांडखोर माणसं पाहिली असतील. पण तुम्हाला ती रेशनच्या रांगेत नाहीतर लग्नाच्या पंगतीत भेटली असतील. आम्हाला भेटली ती शांततेसाठी काम करणाऱ्या संस्थेत, तीही रीतसर मुलाखत घेऊन नेमलेली. मुलाखत घेणाऱ्यांत मी होतो.

संस्था लहान. धुळ्यात झेरॉक्सच्या दुकानावर एक खोली. नाव मात्र इतकं लांब की पाटीवर 'मानवी हक्क' हे शब्द शेवटच्या ओळीत गेले होते, आणि पावसानं नेमकी तीच ओळ आधी पुसली. धुळे आणि जळगावच्या मधल्या एका गावात दंगल झाली होती, तिथे आमचं काम चाले. गावाचं नाव सांगत नाही, कारण गावाला आता तो विषय नको आहे. जळालेली कागदपत्रं पुन्हा काढून देणं, कोर्टाच्या तारखांना लोकांबरोबर जाणं आणि शेजारशेजारच्या दोन गल्ल्यांना पुन्हा एकमेकींशी बोलतं करणं, अशी कामं. शेवटचं काम माझ्याकडे होतं. माझ्याजवळ समाजकार्याची पदवी होती, शिवाय पुण्यात आठवडाभराचं प्रशिक्षण झालेलं, त्यामुळे आपल्याला ते येतं असा माझा समज होता.

अक्का त्याच गावच्या. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या, नवरा गेलेला, मुलगी जळगावला दिलेली. गावात फिरताना अक्का भेटेल त्याला जयभीम म्हणत, समोरचा रामराम नाहीतर सलाम म्हणे, आणि मी सगळ्यांनाच गुड मॉर्निंग म्हणे. त्या दोन गल्ल्या जिथे मिळतात त्या कोपऱ्यावर अक्कांचं घर होतं, आणि भिंतीला भिंत लागून जमिलाबींचं. जमिलाबी शिवणकाम करत, घरात एक शेळी. तीस वर्षं या दोघी जवळजवळ रोज भांडल्या. मोरीचं पाणी, रेडिओचा आवाज, आणि मुख्य म्हणजे शेळी. अक्का उन्हाळ्यात गच्चीवर बिबड्या घालत, म्हणजे आमच्याकडचे ज्वारीचे जाडसर पापड, आणि शेळी जिना चढून त्या खाई. मग अर्धी गल्ली ऐकेल असं भांडण. संध्याकाळी एका घरातून भाजीची वाटी निघे, दुसऱ्या घरातून ती भरून परत येई.

दंगलीच्या आदल्या दिवशी अक्का मुलीकडे जळगावला होत्या. पुतण्याला कुठून तरी कुणकुण लागली होती. त्यानं फोन केला, "अक्का, दोन दिवस तिकडेच राहा, हवा बरी नाही." अक्का राहिल्या. जमिलाबींना मात्र त्यांनी फोन केला नाही. दुसऱ्या दिवशी जमिलाबींचं घर जळालं. माणसं मागच्या भिंतीवरून उड्या मारून वाचली. शेळी बांधलेली होती.

हे मला अक्कांनीच सांगितलं, कामावर आल्या त्याच आठवड्यात. "माफी मागायला गेले," त्या म्हणाल्या. "तर ती म्हणते, 'जाने दो अक्का, बठ्ठं बरं शे.' सगळं बरं आहे म्हणे! आणि मला खुर्ची दिली. तीस वर्षांत तिनं मला कधी खुर्ची दिली नव्हती रे. सरक तिकडे म्हणून ढकलायची." जमिलाबी आता गावाच्या दुसऱ्या टोकाला भाड्याच्या खोलीत राहत. रस्त्यात दिसल्या की अक्कांना अदबीनं सलाम करत, तब्येत विचारत आणि पुढे जात. अक्कांना ते सोसत नव्हतं. जमिलाबींनी एकदा तोंड सोडून भांडावं, फोन का केला नाहीस हे तोंडावर विचारावं, एवढंच त्यांना हवं होतं. त्या संस्थेत आल्या त्या त्यासाठीच. मुलाखतीत मात्र त्यांनी 'समाजसेवेची आवड' असं सांगितलं होतं आणि आम्ही माना डोलावल्या होत्या.

तेव्हा 'बठ्ठं बरं शे' या शब्दांवर अक्कांचा भारी राग, आणि माझं सगळं काम त्याच शब्दांवर चाललेलं. मी दारोदार जाऊन विचारी, "शेजाऱ्यांशी संबंध कसे आहेत?" लोक म्हणत, "बठ्ठं बरं शे, भाऊ." मी खूश होऊन लिहून घेई. माझा पहिला अहवाल वाचून कोणालाही त्या गावात प्लॉट घ्यावासा वाटला असता. अक्कांनी तो वाचला आणि डबी वाजली.

"घर जळालेला माणूस बठ्ठं बरं म्हणतो, आणि तू लिहून घेतो?"

"पण अक्का, ते स्वतः म्हणाले."

"तू दारातून जावा म्हणून म्हणाले."

त्यांची पद्धत वेगळी होती. त्या कोणाच्याही घरी जात, चहा घेत आणि चहाला नावं ठेवत. घरातली बाई चिडे. मग चहावरून दूधवाल्यावर, दूधवाल्यावरून ग्रामपंचायतीवर, असं भांडण सरकत सरकत अर्ध्या तासानं त्या बाईच्या तोंडून खरी गोष्ट बाहेर येई, कोण आलं होतं, कोणी दार लावून घेतलं, कोणी ओळख दाखवली नाही. बाई रडे, अक्का ऐकून घेत आणि निघताना सांगत की चहा खरंच वाईट होता.

माझी पद्धत पुस्तकी होती, आणि पुस्तकही आमचं नव्हतं. ते युद्ध संपलेल्या देशांसाठी लिहिलेलं होतं. त्याचं मराठी मी केलं. 'युद्ध' होतं तिथे 'दंगल' घातलं, 'सैनिक' होतं तिथे 'तरुण' घातलं, आणि आपल्या हुशारीवर आपणच खूश झालो. भूसुरुंगांचा धडा काढायचा मात्र राहिला. शाळेच्या वर्गात दोन्ही गल्ल्यांतली माणसं बसवून मी तो अर्धाअधिक वाचून दाखवला, तोवर माझ्या ध्यानातच आलं नाही. शेवटी एक आबा हात वर करून म्हणाले, "सुरुंगाचं काम घेता का तुम्ही? माझी विहीर आटेल शे."

त्याच दिवशी मी विश्वासाचा खेळ घेतला. त्यात आपण डोळे मिटून मागे पडायचं आणि मागच्यांनी झेलायचं. मी माझ्यामागे दोन्ही गल्ल्यांतले दोघं-दोघं उभे केले, डोळे मिटले आणि थेट फरशीवर पडलो. यांना वाटलं ते धरतील, त्यांना वाटलं हे धरतील. अक्का मागच्या बाकावरून म्हणाल्या, "चला, एक काम तरी दोन्ही गल्ल्यांनी मिळून केलं." मी बरेच दिवस कंबर शेकत होतो.

पुढच्या उन्हाळ्यात गावात टँकर सुरू झाला. चौकात टँकर उभा राही आणि दोन्ही गल्ल्यांतल्या बाया रांग लावत. आणि रांग कशी, तर "आधी तुम्ही घ्या," "नको, तुम्हीच घ्या." धक्का नाही, आवाज नाही. मी फोटो काढून खाली लिहिलं, 'सौहार्दाचा आदर्श'. आम्हाला मदत करणाऱ्यांना तो इतका आवडला की त्यांनी तो कॅलेंडरवर छापला. अक्का म्हणाल्या, "टँकरवर भांडण नाही? हे गाव आजारी आहे."

मग एका सकाळी त्या रांगेत भांडण लागलं. एका गल्लीतल्या बाईनं हंडा पुढे सरकवला, दुसऱ्या गल्लीतलीनं तो पायानं मागे लोटला, आणि बघता बघता दोघी एकमेकींच्या सासूपर्यंत पोहोचल्या. मी धावलो. दोघींच्या मध्ये हात पसरून उभा राहिलो आणि प्रशिक्षणात पाठ केलेलं वाक्य म्हटलं, "तुम्हा दोघींच्या भावना मला समजत आहेत." एकीच्या हातातली भरलेली कळशी माझ्या पायावर आली. दोघी चपापल्या, पदर सावरून मुकाट मागे झाल्या, आणि रांग पुन्हा पहिल्यासारखी गोड झाली.

अक्का कोपऱ्यावरून बघत होत्या. चष्मा डबीत गेला.

"वर्ष होत आलं रे," त्या म्हणाल्या. "आज कुठे बाया हंड्यावरून भांडल्या. धर्मावरून नाही, जातीवरून नाही, हंड्यावरून. आणि तू मध्ये घुसला." मग बायांकडे वळून म्हणाल्या, "करा गं सुरू. कुठपर्यंत आलं होतं? सासूपर्यंत ना?"

आधी एक हसली, मग दुसरी, आणि हसता हसता दोघींची पुन्हा जुंपली. मी ओट्यावर बसून पाय चोळत होतो.

अक्कांचं नेहमी बरोबर ठरे असं मात्र नाही. एकदा पानटपरीवर दोन पोरांची वादावादी चालली होती आणि अक्का मला म्हणाल्या, "बोलू दे त्यांना." बोलता बोलता सोड्याची बाटली फुटली, एकाच्या डोक्याला टाके पडले, पोलीस आले, आणि गावातली दारं पुन्हा बंद झाली. अक्का त्या पोराच्या आईजवळ दवाखान्यात बसून राहिल्या. नंतर बैठकीत म्हणाल्या, "माझा अंदाज चुकला." लगेच माझ्याकडे वळून म्हणाल्या, "पण तू अडवायला पाहिजे होतं. इतर वेळी तर अडवतोस."

या सगळ्या काळात दर आठवड्याला अक्का जमिलाबींच्या खोलीवर जात. चहाला नावं ठेवून पाहिली. शिवलेला झंपर वाकडा आहे म्हणून परत करून पाहिला. जमिलाबींनी तो निमूट उसवून पुन्हा शिवून दिला. अक्का पाच मिनिटांत बाहेर येत. मी विचारी, "काय म्हणाल्या?" अक्का म्हणत, "तब्येतीला जपा म्हणाली." आणि त्या दिवशी माझ्याशीही भांडत नसत. मला तेव्हा त्यांची काळजी वाटायची आणि ती कशी दाखवायची हे कळायचं नाही, कारण ते पुस्तकात नव्हतं.

गेल्या वर्षी अक्कांच्या किडन्यांनी दगा दिला. मुलीनं त्यांना जळगावच्या दवाखान्यात ठेवलं. जमिलाबी मला म्हणाल्या, "मले घेऊन चल." एसटीत बसल्यापासून मी त्यांची तयारी करून घेतली. जुनं काही काढायचं नाही, चांगलं तेवढं बोलायचं, पेशंटला त्रास होईल असं काही नको. "हां भाऊ," जमिलाबी म्हणत राहिल्या.

आणि खरोखर त्या तशाच बोलल्या. खुर्चीच्या कडेवर बसून म्हणाल्या, "आप जल्दी ठीक हो जाओगे अक्का." दवाखाना चांगला आहे म्हणाल्या. मोसंबी आणली आहेत म्हणाल्या. मी कोपऱ्यात समाधानानं उभा होतो.

अक्कांनी चष्मा काढून डबीत ठेवला. मग म्हणाल्या, "तुझी शेळी चोरटी होती."

जमिलाबी पिशवीतली मोसंबी मोजू लागल्या.

"माझ्या सगळ्या बिबड्या खायची. तू मुद्दाम सोडायची तिला."

"अक्का," मी म्हटलं. माझ्याकडे कोणी बघितलं नाही.

"मुद्दाम सोडायची. तू आहेच तशी."

जमिलाबी उठल्या. मला वाटलं, निघाल्या. पण त्यांनी पिशवी खुर्चीवर आपटली आणि मोसंबी खाटेखाली घरंगळली.

"सोडायची मी? त्या दिवशी सोडली असती तं जिती राहती ती. बांधेल होती. तुले ठाऊक होतं ना अक्का? एक फोन केला असता तं मी दोर सोडला असता. मन्हं घर गेलं ते गेलं, दोर तं सोडला असता. तीस वरीस भिंतीले भिंत, अन तुले मन्हा नंबर सापडना नई?"

नर्स धावत आली आणि मला म्हणाली, भांडण थांबवा. ती माझी नोकरीच होती. पण मी तिला हळूच म्हटलं की थांबवू नका, आणि इतक्या वर्षांत मी त्या गावासाठी केलेलं चांगलं काम कोणी विचारलंच तर मी हे एवढंच सांगतो.

अक्कांचं भांडणातलं उत्तर कधी चुकलेलं मी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी त्यांनी आवाज खाली आणला. म्हणाल्या, "भीती वाटली गं. तुला सांगितलं की तू चार जणांना सांगशील, मग मला कोणी सांगितलं ते निघेल, पुतण्याचं नाव येईल. आणि वाटलं, काही होणार नाही. खरंच वाटलं तसं."

"तुले वाटलं," जमिलाबी म्हणाल्या. त्या खाली बसल्या आणि रडल्या, आणि रडता रडता भांडतच राहिल्या. मोरीचं पाणी निघालं, रेडिओ निघाला, कधीतरी नेलेली आणि परत न केलेली कात्री निघाली. कात्रीला मात्र अक्कांनी उत्तर दिलं. ती आपण परत केली होती, असं त्यांनी ठणकावून सांगितलं. मी खाटेखाली शिरून मोसंबी गोळा केली.

परतीच्या एसटीतून जमिलाबींनी उतरताना तेवढं विचारलं, रविवारी सकाळची गाडी किती वाजता असते. कात्रीचं अजून ठरायचं होतं.

रविवारच्या आधीच अक्का गेल्या.

शोकसभा मीच ठरवली, त्याच शाळेच्या वर्गात. दोन्ही गल्ल्यांतली माणसं आली. वक्त्यांनी अक्कांना शांतिदूत म्हटलं, मृदुभाषी म्हटलं. एकानं तर त्यांनी कधी कोणाला दुखवलं नाही असंही सांगितलं, आणि अख्खा वर्ग खाली मान घालून बसला. मलाही बोलायचं होतं, पण लिहून आणलेला कागद मी घडी घालून खिशात ठेवला. मग मी जमिलाबींना म्हटलं, दोन शब्द तुम्ही बोला.

जमिलाबी उठल्या. हारातल्या फोटोकडे त्यांनी रागानं बघितलं.

"मी काय बोलू," त्या म्हणाल्या, "मन्हं भांडण अजून बाकी शे."