मरायला वेळ

न्हावऱ्याच्या शाळेत नववीला इंग्रजीच्या सरांनी एक नियम शिकवला. आपण ‘प्यायला पाणी’ म्हणतो. इंग्रजीत पाणी आधी येतं आणि पिणं मागून. वॉटर टू ड्रिंक. मग प्रत्येकाला घरातलं एक वाक्य करायला सांगितलं. बाकीच्यांनी पुस्तकातलीच वाक्यं फिरवली. मी आईचं रोजचं बोलणं घेतलं, ‘मला मरायला येळ न्हाई’, आणि फळ्यावर लिहिलं: माय मदर हॅज नो टाइम टू डाय.

वर्ग हसला. सर म्हणाले, “व्याकरण बरोबर आहे, पण इंग्रजीत असं कुणी म्हणत नाही. आई कामात आहे, एवढंच लिही.” मी खोडलं. कामात काय, सरसुद्धा असत.

घरी सांगितलं तर आई म्हशीला वैरण टाकता टाकता म्हणाली, “मग इंग्रजीत बायांना येळ असतो व्हय?”

ती गेली तेव्हा मी दौंडला नोकरीला होते. घरी पोचल्यावर शेजारच्या मावशींनी सांगितलं, सकाळी धारा काढून, डेअरीला दूध घालून, भाकरी थापून झाल्यावर ती जरा टेकली होती.