मिठाच्या डबीचं झाकण

माझे जावई दिवसा फ्रीज आणि कपडे धुण्याची मशिनं दुरुस्त करतात आणि संध्याकाळी चौदा वर्षांखालच्या मुलींना बास्केटबॉल शिकवतात. पहिल्या कामावर घर चालतं, दुसऱ्यात नुसती बोलणी खावी लागतात, असं माझी लेक म्हणते.

मी लेकीकडेच राहतो. या खेळातलं मला जे थोडंफार कळतं, ते स्वयंपाकघरातल्या टेबलावर कळलं. जावई तिथे डब्यांची झाकणं मांडून डावपेच आखतात. झाकणं म्हणजे आपल्या मुली, बाटल्यांची बुचं म्हणजे समोरच्या. सगळ्यांत मोठं, बिस्किटांच्या डब्याचं झाकण म्हणजे जिला सगळ्या शिडी म्हणतात ती उंच मुलगी. सगळ्यांत छोटं, मिठाच्या डबीचं, ती माझी नात, मुंगी.

“अहो, मीठ सादळलं! झाकण कुठंय?” लेक ओरडायची.

“थांब जरा, ती पास देतेय,” जावई म्हणायचे.

मुंगीचा पास खरंच बघण्यासारखा. शिडी समोरच्या मुलीच्या वाटेत खांबासारखी उभी राहायची. मुंगी तिच्या अंगाला घासून निघायची, आणि शिडी बास्केटकडे वळली की चेंडू नेमका तिच्या हातात. बचावात मात्र मुंगीचे पाय तिचं उशिरा ऐकतात. समोरची कुठे जाणार हे तिला आधी दिसतं, पण ती तिथे पोचते नंतर.

बचावाबद्दल जावयांचं एकच म्हणणं. समोरची एकेक मुलगी वाटून घ्यायची, जिची तिने पकडायची, आणि एखादी सुटली तर शेजारणीने आपली सोडून मदतीला धावायचं. दुसरा प्रकार झोनचा. त्यात प्रत्येकीने मुलगी न पकडता आपली जागा राखायची. तो त्यांना आवडत नाही. “समोरच्यांनी मध्येच झोन लावला, तर आधी विचारायचं, हे कुणाला लपवतायत? आणि तिच्याच अंगावर चालून जायचं.” हे त्यांनी मुलींकडून इतकं घोटून घेतलं होतं की मलाही पाठ झालं.

सेमीफायनलला मुंगीच्या वाट्याला एक वाऱ्यासारखी मुलगी आली. दार उघडं असावं तशी ती दर वेळी मुंगीला ओलांडून जात होती. जावयांनी टाइमआउट घेतला. टॉवेल आणि बाटल्या सांभाळायचं काम माझं, म्हणून मी जवळच होतो.

“आता झोन,” ते मुंगीकडे न बघता म्हणाले. “मुंगी, तू मागच्या कोपऱ्यात.”

शिडीने मुंगीकडे पाहिलं आणि पटकन मान वळवली. बाकीच्या आपापल्या बुटांकडे बघू लागल्या.

“हो, सर,” मुंगी म्हणाली.

आम्ही जिंकलो. समोरच्या कोचला शेवटपर्यंत काही उमगलं नाही. ज्यांना उमगलं त्या सगळ्या आमच्याच होत्या. आपण कुणाला काय शिकवलंय, हेच जावई त्या घाईत विसरले होते.

मैदानावर सर आणि घरी बाबा, असा बापलेकीचा नियम. त्या दिवशी जेवताना ती म्हणाली, “सर, मीठ द्या.”

“अगं, हे घर आहे,” लेक म्हणाली.

“हो ना? मग इथं तरी कोपरा नको.” आणि आपली कडेची खुर्ची सोडून ती मधल्या खुर्चीत जाऊन बसली.

फायनलच्या आधी झाकणं पुन्हा मांडली गेली. जावई म्हणाले, “झोन लावला नसता तर हरलो असतो.”

“माहितीये. पण फायनलच्या टीमच्या कोचबाई हुशार आहेत. त्यांना लगेच कळेल.”

“मग तू कोच असतीस तर काय केलं असतंस?”

तिने छोटं झाकण उचललं. “हिला बाहेर बसवलं असतं. लपवलं नसतं.” झाकण मिठाच्या डबीवर घट्ट बसवून ती आत गेली.

जावई बुचं इकडून तिकडे सरकवत राहिले. मी म्हटलं, “तुमचं चुकलं असं मला म्हणायचं नाही.”

“मग काय म्हणायचंय, बाबा?”

मी मिठाची डबी उचलून जागेवर ठेवली.

फायनलला मुंगी बाकावर माझ्या शेजारी बसली. आमची चाल अडकली होती. शिडी खांबासारखी उभी राहायची, वळायची, हात पुढे करायची, पण चेंडू वेळेवर यायचाच नाही. जावई आमच्या बाकाकडे बघत आणि नजर काढून घेत. शेवटी ते समोर येऊन उभे राहिले.

“मुंगी, चल.”

ती उठली नाही. “कोपऱ्यात?”

“नाही. जिची तिने. समोरची तुला चुकवून जाईल. जाऊ दे. शिडी येईल मदतीला. तू परत तिच्यासमोर उभी राहा.”

मग ती उठली. चेंडू पुन्हा फिरू लागला, शिडीने बास्केटही केले. पण मुंगीच्या वाट्याची मुलगी तिला पुन्हा पुन्हा चुकवून गेली. शिडी कधी वेळेवर आली, कधी नाही. मुंगी प्रत्येक वेळी पुन्हा तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. तिचा चेहरा इतका लाल झाला होता की मला बघवेना.

आम्ही हरलो. मागे कुणाचे तरी वडील मोठ्याने म्हणाले, “झोन लावायचा ना! शेंबड्या पोरालाही कळतं.” जावयांनी ऐकलं. मान खाली घालून ते टॉवेलांच्या घड्या घालू लागले. ते माझं काम होतं, पण मी त्यांना करू दिलं.

परतीच्या वाटेवर मुंगी चेंडू आपटत पुढे चालली होती. जावयांनी तिला गाठलं.

“चिडलीस का?”

तिने चेंडू काखेत धरला. “अजून ठरवलं नाही,” ती म्हणाली. पुढे सर लावलं नाही, आणि बाबाही नाही.